लेकरांचं इंग्लंडातलं घर आणि आपली सही
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



आपल्या सोसायटीतली बरीच मुलं आज इंग्लंडात आहेत. "बाबा, ऑफर मान्य झाली!" असा फोन आला की लगेच पेढे आणू नका. तिथे नुसती ऑफर मान्य होणं बंधनकारक नसतं. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी सह्या झालेल्या करारांची अदलाबदल केली, की व्यवहार पक्का. तोवर विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो, आपणही माघार घेऊ शकतो. त्यानंतर मात्र माघार घेतली, तर साधारण 10 टक्के अनामत गेलीच समजा.

म्हणून सर्व्हे आणि सर्च आधी. ओल, भेगा शोधणं हे घेणाऱ्याचं काम. फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतो. लीजची किती वर्षं उरलीत, सर्व्हिस चार्ज किती, हे विचारायला सांगा. लीज थोडी उरली असेल तर बँक कर्जाला कुरकुर करते.

आता आपल्या पैशाचं. आपण रक्कम पाठवली, की ती कुठून आली हे सॉलिसिटर विचारतो. एफडी मोडल्याची पावती, खातेउतारा जपून ठेवा. शिवाय कर्ज देणारी बँक आपल्याकडून भेटपत्र मागते: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही. मी आयुष्यभर बँकेत सह्या तपासल्या, म्हणून सांगतो, ही सही नुसती औपचारिकता नव्हे. आधी म्हातारपणाची पुंजी बाजूला काढा, उरेल ते आनंदाने द्या.