'लास्ट सीन'मधलं 'सीन' म्हणजे काय?

इयरफोन लावलेत ना? आज व्याकरणाचं पुस्तक नको, व्हॉट्सॲप उघडा. समोरचा काही लिहीत असेल तर वर 'टायपिंग' दिसतं. ते प्रेझेंट पार्टिसिपल, म्हणजे क्रिया चालू आहे. आणि 'लास्ट सीन'? 'सी, सॉ, सीन'मधलं तिसरं रूप, पास्ट पार्टिसिपल. शाळेत 'गो, वेंट, गॉन' सगळ्यांनी घोकलं, पण तो तिसरा शब्द कशाला लागतो, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलंच नाही.

आपलं 'पाहिलेला', 'तळलेला' आठवा. तेच काम सीन आणि फ्राइड करतात. म्हणून फ्राइड राइस.

आता नावाचा घोळ बघा. म्हणायचं 'पास्ट', पण 'द वर्क विल बी डन टुमारो' यात काम उद्याचं आणि रूप मात्र 'डन'! आपणही म्हणतोच की, 'उद्यापर्यंत काम झालेलं असेल.' काळ सांगतं ते शेजारचं 'विल', 'वॉज' किंवा 'हॅव'. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये 'आय हॅव सॉ युवर मेल' नाही, 'आय हॅव सीन'. 'हॅव' आलं की तिसरं रूप, बस.

खरी गोची होते ती इंटरव्ह्यूमध्ये. 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब' असं कुणी म्हटलं, की समोरच्याला ऐकू येतं, 'मी फार इंटरेस्टिंग माणूस आहे!' नोकरीत रस आहे, हे सांगायचंच राहून गेलं. तिथे 'इंटरेस्टेड' हवं.

अडलं की मनात मराठी जोडी म्हणा: कंटाळवाणं आणि कंटाळलेला. लेक्चर कंटाळवाणं, म्हणून बोअरिंग. ऐकणारा कंटाळलेला, म्हणून बोअर्ड. जे तसं वाटायला लावतं त्याला 'इंग', ज्याला तसं वाटतं त्याला 'एड'. आपण मराठीत सरसकट 'मला बोअर होतंय' म्हणून मोकळे होतो, ना इंग ना एड, त्यामुळे इंग्रजीत नेमकं काय लावायचं ते सुचत नाही. टायरिंग-टायर्ड, कन्फ्युजिंग-कन्फ्युज्ड, सगळीकडे हाच हिशोब.

आता एक काम. रेझ्युमे पाठवताना आपण 'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहितो. तिथे 'अटॅचिंग' का नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.