जबड्याचा सांधा आणि मनावरचा ताण



मराठीत संतापलेला माणूस दातओठ खातो आणि भ्यालेल्याची दातखीळ बसते. भाषेला जे फार पूर्वी उमगले, ते मान्य करण्यास वैद्यकाला मात्र बराच काळ लागला.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की हा सांधा हाताला लागतो. तो दुखू लागला की कानच ठणकतो आहे, असे रोग्याला वाटते. १९३४ साली कॉस्टेन या अमेरिकी कर्णतज्ज्ञाने या दुखण्याचे मूळ दाढा गेल्यामुळे बिघडलेल्या दंतपंक्तीत शोधले. पुढे कित्येकांचे निरोगी दात घासून 'जुळवले' गेले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही! १९६९ मध्ये लास्किन यांनी लक्ष दातांवरून चर्वणस्नायूंकडे वळविले. ताणाखाली माणूस नकळत दात आवळतो. स्नायू थकतात, आखडतात, दुखतात.

मग दुखण्याने मन खचते, की खचलेल्या मनामुळे दुखणे येते? अमेरिकेत ही व्याधी नसलेल्या सुमारे २,७०० व्यक्तींवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी २६० जणांना ती जडली. ज्यांच्या मनावर आधीपासूनच ताण होता आणि ज्यांना अंगभर बारीकसारीक तक्रारी होत्या, त्यांना धोका अधिक, असे २०१३ साली दिसून आले. उलट दिशाही खरीच आहे. घास चावणे, बोलणे, झोपणे रोज दुखरे झाले तर कोणाचे मन स्थिर राहील?

आपल्या लखनौत १९११ साली सुरू झालेल्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाचे आज विद्यापीठ झाले आहे. दंतवैद्यक आणि मनोविकारशास्त्र तेथे एकाच छत्राखाली नांदतात. परंतु एका दारातून दुसऱ्या दाराकडे जा म्हटले की रोगी विचारतो, ''मला वेडा ठरवता काय?'' हा प्रश्न त्याच्या तोंडी आपणच घातला आहे. 'सारे मनाचे खेळ' असे सांगून त्याची बोळवण करणारे आपणच. वेदना खरीच असते. ताण तिला खतपाणी घालतो, एवढेच.

येथे एक सावधगिरी हवी. या पानशौकीन शहरात सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडेनासे झालेले रोगीही येतात. तो विकार निराळा. त्यात कर्करोगाचे भय असते. त्यावर ताणाचे लेबल लावणे घातक ठरेल.

बाकीच्यांना पहिल्याच भेटीत झोप आणि चिंता यांविषयी विचारावे. मऊ अन्न, शेक, जबड्याचे हलके व्यायाम यांनी बहुतेकांना शस्त्रक्रियेवाचून उतार पडतो. आणि ओठ मिटलेले असतानाही दातावर दात नसावा, हे त्यांना आरशासमोर दाखवून द्यावे.