रुतलेली बंडी निघते कशी?

(सावंगी (मेघे), जिल्हा वर्धा, येथें कास्तकार व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही तुमच्यापुढें कांहीं वेदान्त सांगावयास उभे राहिलों नाहीं. आम्ही मराठी शाळेचे मास्तर. तुमचीं लेकरें आमच्या हाताखालून जातात आणि त्यांच्या मागोमाग तुमच्या घरचें सुखदुःखहि आमच्या कानीं येतें. त्यांत एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकूं येतें. बाप म्हणतो, "मास्तर, आतां आमचें कांहीं व्हायचें नाहीं." दहावींत नापास झालेला पोरगा तेंच म्हणतो. आठवींतून काढलेली मुलगी तोंडानें म्हणत नाहीं, पण तिच्या डोळ्यांत तेंच असतें. हातपाय धड आहेत, अंगांत रग आहे, पण मन जागचें हालत नाहीं. या दुखण्याविषयीं आज बोलूं.

आपली काळी जमीन तुम्हांस ठाऊकच आहे. पावसाळ्यांत पांदणीनें बंडी आणतांना चाक आऱ्यांपर्यंत रुततें. अशा वेळीं अडाणी गाडीवान बैलांस मारीत सुटतो. बैल जीव खाऊन ओढतात, चाक आणखी खोल जातें आणि शेवटीं जूं मोडतें. जाणता कास्तकार तसें करीत नाहीं. तो आधीं चार पोतीं उतरवितो, चाकापुढचा चिखल फावड्यानें काढतो, चाकाखालीं पऱ्हाट्या नाहीं तर दगड घालतो, आणि मग वाटेनें जाणाऱ्या दोघांना हांक मारतो. तुम्हीं हें शंभरदां केलें आहे. मग बंडीला लावतां ती अक्कल स्वतःच्या जिण्याला कां लावीत नाहीं? तेथें मात्र आपण नुसता चाबूक ओढतों: "मी करंटा, माझें नशीबच फुटकें." बैलास शिव्या दिल्यानें चाक निघत नाहीं, स्वतःस दिल्यानें तरी काय निघणार?

तेव्हां पहिलें काम ओझें उतरविण्याचें. कर्ज काढून लग्नाच्या पंगती, मानपान, तेरवीचें जेवण, हीं सारीं पोतीं आपण आपल्याच हातांनीं बंडींत भरलीं. त्यांत सर्वांत जड पोतें म्हणजे "लोक काय म्हणतील" याचें. जे लोक बोलतात ते तुमचा हप्ता भरावयास येत नाहींत, हें ध्यानांत असूं द्या. शिवाय देणें किती, कोणाचें, व्याज काय, हें पुष्कळ घरांत एकट्या बापाच्या डोक्यांत असतें; बायकोस त्याचा पत्ता नसतो. तें घरच्या माणसांसमोर कागदावर लिहा. लिहिल्यानें कर्ज कमी होत नाहीं हें खरें. पण अंधारांतल्या भुताएवढें तें मोठेंहि राहत नाहीं, आणि कोणतें आधीं फेडावें तें दिसूं लागतें.

दुसरें काम, चाक नक्की कोठें रुतलें तें पाहण्याचें. "पोरगा नापास झाला" हें बोलणें मोघम आहे. कोणत्या विषयांत झाला? पुष्कळदां एक गणित नाहीं तर एक इंग्रजी. त्यासाठीं पुरवणी परीक्षा असते. एका विषयापायीं सबंध पोरगा टाकून देऊं नये. ज्यांचें शिक्षण पोटापायीं सुटलें, त्यांच्याकरितां १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. कामधंदा संभाळून तेथें शिकतां येतें. "धंदा चालत नाहीं" म्हणणाऱ्या सुतार-शिंपी बंधूंनींहि असेंच पाहावें. गिऱ्हाईक येत नाहीं, कीं येतें पण उधारी बुडते? दोहोंचें औषध निराळें आहे.

तिसरें काम, चाकाखालीं आधार घालण्याचें. तो आधार लहानच असतो, पण रोज पडावा लागतो. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतील काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां त्यांच्यामागें कोणी कुबेर उभा नव्हता. घरोघर मूठमूठ धान्य बाजूस काढण्याची मुष्टिफंडाची चाल त्यांनीं पाडली, आणि त्या मुठींनीं गरिबांच्या पोरांच्या पोटास आधार दिला. ज्या घरांत पोतें नाहीं त्या घरांतहि मूठ असते. रोज अर्धा तास वाचन, रोज दहा रुपये डब्यांत, रोज एक नवें गणित, ही तुमची मूठ. एका दिवसांत तिचें तेज दिसणार नाहीं. वर्षानें हिशेब करा.

चौथें काम हांक मारण्याचें. यांत कमीपणा नाहीं. खुद्द जोतीराव फुल्यांचें शिक्षण एकदां थांबलें होतें. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढून शेतमळ्यांत घातलें. तेव्हां गफ्फार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव मिशनच्या शाळेंत पुन्हां बसले. त्याच जोतीरावांनीं पुढें सात वर्षांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्या दोघांनीं "दुसऱ्याच्या घरांत आपण कशाला बोला" म्हणून गप्प बसावयाचें ठरविलें असतें तर? म्हणून ज्याची बंडी रुतली आहे त्यानें हांक मारावी, आणि ज्याची चालती आहे त्यानें हांक येण्याची वाट पाहूं नये.

आतां दूरचें राहूं द्या. येथून जवळच पिंपरी (मेघे) आहे. तेथें १९४८ सालीं एका गुराख्याच्या घरीं मुलगी झाली. नको असलेली म्हणून तिचें नांव पडलें चिंधी. शाळा कशीबशी चौथीपर्यंत. खेळण्याच्या वयांत लग्न झालें. विशीच्या सुमारास, पोटांत मूल असतांना, नवऱ्यानें घराबाहेर काढलें. गोठ्यांत ती बाळंत झाली. माहेरानेंहि दार लावलें. याहून खोल चाक कोणाचें रुतावें? मरण्याचे विचार तिच्या मनांत आलेच. पण ती रेल्वेच्या फलाटांवर गाऊन भीक मागूं लागली, आणि तेथें तिला आपल्याहूनहि निराधार पोरें दिसलीं. मिळालेला घास तिनें त्यांच्यांत वांटला. तेथून त्या चिंधीची सिंधुताई सपकाळ झाली. चिखलदऱ्यास त्यांनीं मुलींकरितां वसतिगृह काढलें, त्यास सावित्रीबाई फुल्यांचें नांव दिलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजीं त्या वारल्या, तेव्हां महाराष्ट्रभर अनाथांची माय गेली म्हणून लोक रडले.

पण बंधूंनो, ही गोष्ट ऐकून नुसत्या माना डोलवूं नका. माईंनीं सोसलें तें सोसण्याजोगें होतें म्हणून नव्हे, तर दुसरा इलाज नव्हता म्हणून. आपल्या गांवांत चौथींत हुशार असलेली आणि लवकर उजविलेली मुलगी आजहि असेल, तर तिची बंडी चिखलांत लोटणारे आपणच. तिला पुढें सिंधुताई होण्याचा उपदेश करण्यापेक्षां आज तिला शाळेंत ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. प्रत्येक वेळीं दोष बैलाचा नसतो. पांदणच वाईट असते. कापसाला भाव नाहीं, पावसाचा भरंवसा नाहीं, यांत एकट्या कास्तकाराचा काय गुन्हा? आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांकरितां खास मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. ज्या घरांतून तो माणूस गेला त्या घरास विचारा, कर्ज त्याच्याबरोबर गेलें काय? कर्ज राहिलें, माणूस गेला. पांदण एकट्यानें दुरुस्त होत नाहीं. तिला गांव लागतो, ग्रामसभा लागते, एकजूट लागते. आणि तोंवर ज्याची झोंप उडाली, ज्याचें जेवण तुटलें, जो बोलेनासा झाला, त्यास एकटें सोडूं नका. त्याच्याजवळ बसा, त्यास सरळ विचारा. आपल्या सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयांत ताप-खोकल्याप्रमाणें मनाच्या दुखण्याचेहि डॉक्टर आहेत. पाय मोडला तर तेथें नेतां, मग मन मोडलें तर न्यावयास लाज कसली?

आमचें मागणें थोडें आहे. आज घरीं गेल्यावर दिव्याखालीं बसून प्रत्येकानें तीन ओळी लिहाव्या: मला काय साधावयाचें आहे, चाक कोठें अडलें आहे, आणि उद्यांपासून रोजची मूठ कोणती. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं रविवारीं दिवेलागणीस शाळेंत यावें. आम्ही लिहून देऊं, आणि येणाऱ्याची इच्छा असेल तर अक्षरहि शिकवूं. दार उघडें ठेवलें आहे.