धूर आणि बियाण्याची उगवण



पूर्वी आपल्या सोलापूर भागात कित्येक घरी चुलीवर आढ्याला बियाण्याची कणसे टांगलेली असत. धुराने ती काळी पडत, पण कीड लागत नसे. धुराचा हा गुण आपल्याला ठाऊक होताच. दुसरा गुण मात्र शास्त्रज्ञांनी अलीकडे ओळखला.

१९९० साली दक्षिण आफ्रिकेत डी लांगे आणि बाउचर यांनी दाखवून दिले, की तेथील एका दुर्मिळ झुडपाचे बी धुराने जागे होते. त्याला वणव्याची आच लागावी लागत नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात धुरातले ते द्रव्य वेगळे काढण्यात आले. अशा द्रव्यांना पुढे 'कॅरिकिन' म्हणू लागले; तेथल्या नूंगार लोकांच्या भाषेत 'कॅरिक' म्हणजे धूर. पालापाचोळा जळताना हे द्रव्य तयार होते, पावसाबरोबर मातीत मुरते आणि बियाला जणू सांगते, "वरची दाटी गेली, ऊठ आता!" अगदी कणभर पुरते, धूर फार झाला तर उगवण उलट खुंटते.

मग रानातली धसकटे पेटवावीत काय? मुळीच नाही. धुराला आपपरभाव नसतो; तो तणाचेही बी उठवतो. शिवाय काडीकचरा जळाला, की जमिनीचे खाद्यच जळाले. ज्वारीवरचा टारफुला मात्र धुराने नव्हे, तर ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याच्या सुगाव्याने उगवतो.

आपली रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. बी फसले, तर दुबार पेरणीला ओल उरत नाही. म्हणून बी धुरातले असो वा दुकानातले, पेरण्याआधी पारखून घ्या. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. दहा दिवसांनी मोजा. पंचाहत्तरांहून कमी कोंब दिसले, तर ते बियाणे बदललेलेच बरे. चुलीजवळची फार आच बियाचा कोंबच मारते, हेही ध्यानात असू द्या.

गुरुजींनी शाळेत आणखी एक करावे. उघड्यावर थोडे वाळले गवत जाळून तो धूर पाण्यात मुरवावा. एका ताटलीतले बी साध्या पाण्याने, दुसरीतले या पाण्याचे चार थेंब घातलेल्या पेलाभर पाण्याने, तिसरीतले नुसत्या धूरपाण्याने भिजवावे. कोणते आधी उगवते, ते मुलांनाच मोजू द्यावे. आजीचे म्हणणे खरे की खोटे, याचा निवाडा ती ताटलीच करील.