दुसऱ्या डिस्कचा भरवसा



माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरील मुकुटबन हे झरी-जामणी तालुक्यातील गाव. चुनखडीच्या या परिसरात २०२२ साली सिमेंटचे उत्पादनही सुरू झाले. अशा गावातील एखाद्या कार्यालयाचा संगणक बंद पडला आणि तंत्रज्ञ दूरच्या शहरातून यावयाचा असला, तर लोकांची कामे खोळंबतात. म्हणून महत्त्वाच्या यंत्रात दोन डिस्क बसवून प्रत्येक माहिती दोहोंवर लिहिण्याची पद्धत आहे. परंतु केवळ दुसरी डिस्क असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. तिचे विभाग कसे पाडले, यावर सारे अवलंबून असते.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली. त्याच धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स अवतरले. या कुळातील यंत्रांत दोन विभागांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पहिला बूट विभाग. तो लहान असतो, परंतु यंत्र त्यावरूनच सुरू होते. तो एकाच डिस्कवर असला आणि नेमकी तीच निकामी झाली, तर दुसऱ्या डिस्कवरील माहिती शाबूत असूनही यंत्र जागे होत नाही. यास्तव बूट विभाग दोन्ही डिस्कवर करावा आणि प्रणाली अद्ययावत करताना दोन्ही प्रती बदलाव्यात.

दुसरा स्वॅप विभाग. मेमरी अपुरी पडली की तीतील तूर्त न लागणारा भाग येथे ठेवला जातो. दोन डिस्कवरील स्वॅपला समान प्राधान्य दिल्यास लिनक्स दोहोंवर आळीपाळीने लिहिते व भार वाटला जातो. मात्र त्यांपैकी एक डिस्क बिघडल्यास, तिच्यावर भाग ठेवलेले चालू कार्यक्रम कोसळू शकतात. गतीपेक्षा अखंड सेवा मोलाची असेल, तेथे स्वॅपचीही हुबेहूब जोडप्रत ठेवणे श्रेयस्कर.

डिस्कची नावे यंत्र पुन्हा सुरू करताना बदलू शकतात. म्हणून विभागांची नोंद त्यांच्या कायम ओळखक्रमांकाने करावी.

अखेरची कसोटी सोपी आहे. माहितीची वेगळी प्रत घेऊन, सुटीच्या दिवशी यंत्र बंद करावे, पहिली डिस्क काढावी आणि यंत्र सुरू करून पाहावे. मग दुसरी काढून हाच प्रयोग करावा. दोन्ही वेळा यंत्र सुरू झाले, तरच दुसऱ्या डिस्कवर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.