मिरजेचे डॉक्टर वॉनलेस



घरात माणूस अंथरुणाला खिळले की पहिला प्रश्न निघतो, डॉक्टर आणायचा कुठून? सव्वाशे वर्षांपूर्वी तर हा प्रश्न फारच बिकट होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्या डॉक्टर विल्यम वॉनलेस यांची ही हकीकत ऐका.

वॉनलेस मूळचे कॅनडाचे. जन्म १८६५ चा. न्यूयॉर्कला वैद्यकी शिकून १८८९ मध्ये ते अमेरिकन मिशनतर्फे इकडे आले. ते शिकले तो काळही मोठा मोलाचा. जखम जंतुनाशक औषधाने राखावी, हे लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडले होते. १८८४ मध्ये कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला होता. ही नवी विद्या घेऊन वॉनलेस आधी सांगलीला आणि मग मिरजेला आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले.

मोतीबिंदूचेच पाहा. डोळ्यातले भिंग गढूळ होते, म्हणून दिसेनासे होते. पूर्वी फिरते वैदू सुईने ते भिंग आतल्या आत मागे लोटीत. चार दिवस उजेड दिसे, पण पुष्कळदा डोळा सुजून कायमचा जाई. वॉनलेस ते भिंग बाहेर काढीत. मिरज म्हणजे रेल्वेचे ठाणे. १८९१ मध्ये कोल्हापूरची गाडीही तिथपर्यंत सुरू झालेली. कर्णोपकर्णी नाव पसरले आणि लांबलांबचे रोगी येऊ लागले.

पण दोन हात कुठेकुठे पुरे पडणार? हे ओळखून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीची शाळा काढली. इथल्याच मुलांना आजाऱ्याची तपासणी, औषध देणे, शस्त्रक्रियेला हात लावणे शिकवू लागले. साहेब आज ना उद्या परत जाणार. इथली पोरे इथेच राहणार, हा त्यातला खरा हिशेब. १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९३३ मध्ये ते वारले. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वॉनलेसवाडी अजून त्यांचे नाव सांगते.

म्हणून शिक्षकमित्रांनो, एक विनंती. तुमच्या वर्गात एखादे पोर असेल, रक्त पाहून न घाबरणारे, पडलेल्याला आधी उचलणारे. त्याला ही हकीकत जरूर सांगा. आणि आईबापांनो, अशी मुलगी असली तर तिची शाळा मध्येच सोडवू नका. डॉक्टर बाहेरून येईल तेव्हा येईल. आपल्यातला घडला, तर तो आपली बोली जाणून, आपली वाट तुडवीत दाराशी येईल.