कोंबड्यांची साथ आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी कोणी आरोग्यावर बोलले, कोणी मुलांच्या शिक्षणावर बोलले. मला मंडळाने विषय दिला तो कोंबड्यांच्या साथीचा. विषय ऐकून मागच्या बाजूस थोडे हसू झाले, ते मला ऐकू आले! पण भगिनींनो, हसण्याजोगा हा विषय नाही. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यावर जातो, सोयाबीनचा आणि कापसाचा पैसा घरधन्याच्या हातात जातो. अंड्यांचा आणि तलंगांचा पैसा मात्र बाईच्या हातचा असतो. मुलीची वही, सासूबाईंची औषधाची गोळी, माहेरी जायचे एस.टी.चे तिकीट, हे त्यातून होते. साथ येते आणि चार दिवसांत खुराडे रिकामे करून जाते, तेव्हा घरातील दुसऱ्या कोणाचे काही जात नाही, बाईचे जाते. म्हणून ही राखण आपणच शिकली पाहिजे. मी सातवी शिकलेली बाई. पशुवैद्यकांना विचारून आणि सरकारी पुस्तिका वाचून जे समजले, तेच सांगते.

पहिली गोष्ट अशी की, साथ ही कोणाच्या नजरेने येत नाही किंवा कोणत्या देवाच्या कोपाने येत नाही. ती जंतूंनी येते, आणि जंतू कशावर तरी बसून येतात. बाजारातून आणलेली कोंबडी, शेजारच्या खुराड्यातून तुडवून आलेली चप्पल, उसनी आणलेली डालगी, उकिरड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी ओढीत नेणारे कुत्रे, या वाटांनी रोग घरात येतो. वाट कळली म्हणजे आडवेही येता येते.

आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान करणारा रोग म्हणजे मानमोडी. सरकारी दप्तरात त्याला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयाच्या बाजूला कुमाऊँमधील गाव आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात हा रोग तेथे ओळखला गेला, म्हणून त्या बिचाऱ्या गावाचे नाव रोगाला चिकटले. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसल या गावीही तो दिसला, म्हणून परदेशात त्याला न्यूकॅसल म्हणतात. खुणा लक्षात ठेवा. कोंबडी चारा सोडते, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते. काहींची मान पिळवटते, पंख किंवा पाय लुळा पडतो. अंडी कमी होतात, कवच पातळ किंवा मऊ येते. लस नसलेल्या कळपात हा रोग शिरला तर सगळीच्या सगळी खुराडी साफ होऊ शकतात. रोग झाल्यावर यावर औषध नाही. लसूण घाला, हळद घाला, कोणाची गोळी घाला, मानमोडी झालेली कोंबडी त्याने बरी होत नाही. उपाय एकच, तो आधीचा : लस.

लसीची एक गोष्ट सांगते. माणसांसाठी देवीची लस पूर्वीच निघाली होती. पण प्रयोगशाळेत मुद्दाम जंतू दुबळे करून केलेली पहिली लस कोंबड्यांच्या रोगावरची होती. १८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर हे कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत होते. काही आठवडे तशीच पडून राहिलेली जंतूंची शिळी पैदास त्यांनी कोंबड्यांना टोचली. कोंबड्या थोड्या आजारल्या आणि उठल्या. पुढे त्यांनाच ताजे जंतू टोचले, तरी त्या मेल्या नाहीत. त्यातून पुढे माणसांच्या आणि जनावरांच्या कितीतरी लशी निघाल्या. आपल्या मुलाबाळांना आज जी टोचणी मिळते, तिच्यात कोंबडीचेही उपकार आहेत.

आता आपल्या खुराड्याकडे येऊ. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे झाले की राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. ६ ते ८ आठवड्यांचे झाले की देवीची लस. कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या येतात तीच ही देवी, आणि ती डासांनीही पसरते. ८ ते १० आठवड्यांना राणीखेतची दुसरी लस टोचून देतात. पुढे पुन्हा केव्हा द्यायची, ते आपल्या दवाखान्यात विचारून घ्यावे. राणीखेत बहुधा उन्हाळ्यात जोर करतो, म्हणून लस हिवाळा सरता सरता झालेली बरी. पुण्याला औंध येथे सरकारची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तेथे अशा लशी तयार होतात. लस थंड राहिली पाहिजे. बर्फाच्या डब्यातून आणावी, पदराच्या गाठीला बांधून आणू नये. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन नसताना द्यावी. आजारी कोंबडीला देऊ नये.

आता खरी अडचण येथेच आहे. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते. आपल्यापैकी कोणाकडे सहा आहेत, कोणाकडे दहा. सहा कोंबड्यांसाठी कोणी शंभरांची कुपी फोडीत नाही, आणि म्हणून आपल्या कोंबड्या बिनलसीच्या राहतात. मोठ्या शेडवाल्यांच्या कोंबड्यांना लस मिळते, आपल्यांना मिळत नाही, त्याचे कारण हेच. आणि समजा एका घरी दिली व शेजारच्या घरी दिली नाही, तर रोग शेजारी मुक्काम करून राहतो. म्हणून हे काम एकटीचे नाही, आळीचे आहे. त्यासाठी मंडळ हवे.

दुसरा आजार रक्ती हगवण. हा पिल्लांना फार होतो आणि ओलाव्यात वाढतो. खुराड्यात खाली भुसा किंवा तूस टाकावे, ते कोरडे ठेवावे, ओले झाले की बदलावे. पाण्याचे भांडे उंचावर ठेवावे म्हणजे त्यात हगत नाहीत. पावसाळ्यात एवढे केले तरी पुष्कळ पिल्ले वाचतात. यावर मात्र औषध आहे, पण ते पशुवैद्यकाने पाहून दिलेले हवे.

आता ज्याची सर्वांना भीती वाटते, तो बर्ड फ्लू. आपल्या देशात पाळीव कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, २००६ साली. जानेवारीच्या अखेरीस तेथे कोंबड्या मरू लागल्या. आधी हा राणीखेतच असावा असे धरले गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेचे निदान १८ फेब्रुवारीला जाहीर झाले. म्हणजे मध्ये सुमारे तीन आठवडे गेले. पुढे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि मार्च महिन्यात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही रोग निघाला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. ते कुक्कुटपालन एका बचत गटाचे होते, आपल्यासारख्यांचेच! आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा गावी सहा हजारांहून अधिक कोंबड्या गेल्या. वाशीम काही लांब नाही.

हा रोग रानच्या पाणपक्ष्यांतून येऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे, खडकपूर्णेचा संत चोखासागर आहे. थंडीत तेथे दूरदेशचे पक्षी उतरतात. त्यांना दोष देऊ नये, त्यांना मारूही नये. आपल्या कोंबड्या तळ्याकाठी सोडू नयेत, आणि मेलेला कावळा किंवा बगळा दिसला तर मुलांना हात लावू देऊ नये, इतके पुरे. बर्ड फ्लूची लस आपल्याकडे परसातल्या कोंबड्यांना देत नाहीत. येथे लवकर ओळखणे हीच राखण. माणसांना हा रोग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावरचा असतो. चांगले शिजविलेले अंडे आणि मटण खाण्यास मात्र भीती नाही. ७० अंश उष्णतेने हा जंतू मरतो.

आता थोडे कडू बोलते, राग मानू नये. दोन कोंबड्या मेल्या की आपण काय करतो? उरलेल्या घाईने आठवडी बाजारात नेतो. “चार पैसे तरी हाती लागतील,” असे म्हणतो. गरिबी आहे, मला समजते. पण त्या टोपलीबरोबर रोगही दहा गावांना जातो. ज्या बाईने ती कोंबडी घेतली, तीही आपल्यासारखीच बाई असते. तिचे खुराडे आपल्या चार पैशांसाठी रिकामे होते. आणि पुढच्या खेपेस तिची टोपली आपल्याकडे येते.

कोणी म्हणेल, “कळविले तर सरकारी माणसे येऊन सगळ्याच मारतील.” तर नीट ऐका. राणीखेत निघाला तर कोंबड्या मारीत नाहीत, सल्ला आणि लस मिळते. बर्ड फ्लू निघाला तर जवळपासच्या मारतात हे खरे. पण सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जितके लपवाल तितके आपलेच बुडते. शिवाय २००९ च्या कायद्याप्रमाणे असा संशय ग्रामपंचायतीला कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. दवाखान्यात सांगावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

मग रोज काय पाहावे? संध्याकाळी खुराडे लावताना मोजावे : किती आल्या, किती अंडी झाली, कोणी चारा सोडला, हगवण कशी आहे, तुरा निळा पडला का. मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर दोन आकडे लिहिले तरी पुरे. आज सहा अंडी, उद्या सहा, परवा दोन, हे वहीतच दिसते; तोंडी हिशेबात ते निसटून जाते. नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, आणि तिचे काम शेवटी करावे. खुराड्याची चप्पल वेगळी असावी. हात साबणाने धुवावेत. आठवड्यातून एकदा भांडी धुण्याच्या सोड्याच्या ऊन पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात न लावता आधी कळवावे. इतर वेळी मेलेली कोंबडी हाताला पिशवी बांधून उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नये.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. एक, प्रत्येक आळीतून एका भगिनीने आपल्या आळीतील कोंबड्यांची मोजदाद करून द्यावी, म्हणजे किती कुप्या लागतील ते कळेल. दोन, उन्हाळ्याआधी एक दिवस ठरवून साऱ्या गावाची लस एकाच सकाळी करावी. पशुवैद्यकांना बोलावण्याचे पत्र मंडळाने द्यावे, आणि खर्च कोंबडीमागे वाटून घ्यावा. तीन, एका आळीत एका दिवसात दोनपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या, तर त्या भगिनीने त्याच दिवशी मंडळाला व दवाखान्याला सांगावे, आणि त्या आठवड्यात त्या आळीतून कोणी कोंबडी बाजारात नेऊ नये. जिला त्यामुळे अडचण होईल, तिला मंडळाच्या बचतीतून त्या आठवड्यापुरते उसने द्यावे. हे शेवटचे केल्याशिवाय पहिले काही टिकणार नाही, असे मला वाटते. कारण अडलेल्या बाईला नुसता उपदेश करून भागत नाही.

माझ्या आळीची मोजदाद मी येत्या आठ दिवसांत करून देते. बाकीच्या आळ्यांची नावे आजच, घरी जाण्याआधी, चिटणीसबाईंकडे द्यावीत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपविते.